शिवलीला आणि कमी हवेचा चेंडू

आज दुपारी शिवलीलाला बसवतील.

लिंगायतांत माती देताना बसवूनच देतात. पण ही बया जन्मात कधी एका जागी बसली नव्हती.

तिच्या सासरी, मन्नाएखेळ्ळीला निघालेय. बस हुमनाबादला थांबलीय. मी उतरते, चढते, पुन्हा उतरते. जीव थाऱ्यावर नाही.

काल संध्याकाळी गावच्या ग्राउंडवर पोरींना सर्व्हिस शिकवताना ती कोसळली. हार्ट अटॅक.

आळंदला कॉलेजात आम्ही एकाच व्हॉलीबॉल टीममध्ये. ती कॅप्टन.

तिचं लग्न ठरलेलं. तिचे अप्पा म्हणाले होते, "ही फायनल जिंकलीस तर कलबुर्गीला सिलेक्शनला पाठवतो. न्हाईतर खेळ बंद."

समोर हुमनाबादच्या पोरी. त्यांची स्मॅशर ही उंच! पण त्या दिवशी तिचे स्मॅश येता येताच मरत होते.

पहिला सेट आमचा.

आम्ही नाचतोय, आणि शिवलीला चेंडू दाबून बघत उभी.

"हवा कमी हाय गं."

"गप की! जिंकायलाव आपुन."

"हातात बरा लागंना मला."

गेली तडक पंच सरांकडे.

"सर, हवा किती भरलीय?"

"तीन. चेंडूवरच लिहिलंय की."

"चेंडूवर पॉइंट तीन लिहिलंय, अन् ते किलोत. तुमच्या पंपाचा काटा पीएसआय दावायलाय."

"मग?"

"एक किलो म्हंजे चौदाच्या वर पीएसआय. आमच्या शेतातल्या ड्रिपच्या मीटरवर दोन्ही आकडे हायत, रोज बघते मी. चौदा त्रिक बेचाळीस. म्हंजे चार पॉइंट दोनच्या वर पायजे. तुमी तीनवरच थांबलाव."

सर वैतागले. "तुझीच टीम जिंकायलीय ना? मग तुला कामून पंचायत?"

"भरा सर."

सरांनी हवा भरली. चेंडू टणक झाला.

पुढचे दोन्ही सेट आम्ही हरलो.

मी रडले, भांडले. "कलबुर्गी घालवलीस तू!"

ती कडेला उभ्या अप्पांकडे गेली. "अप्पा, हरलो."

"बघितलं मी."

एवढंच. शब्दाचे पक्के. कलबुर्गीला पाठवलं नाहीच.

पण लग्नात, अक्षता पडल्यावर, त्यांनी व्याह्यांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होते.

"एकच मागणं हाय. पोरीचा खेळ बंद करू नगा."

व्याह्यांनी मान डोलावली. आणि पाळलं.

मन्नाएखेळ्ळीत एका ढाब्यामागच्या पडीक जागेत तिनं स्वतः दगड वेचून ग्राउंड केलं. लोक हसले. आया पोरींना पाठवेनात. ही घरोघर फिरली. हळूहळू पोरी आल्या, खेळल्या, कलबुर्गीला जाऊनही आल्या.

ती मात्र दर वेळी त्यांना बसमध्ये बसवून परत फिरायची. "पुढच्या खेपेला येते," म्हणायची.

आत्ताच तिथल्या एका पोरीचा फोन आला.

"मावशी, कुठं हाव? लवकर या. अक्काला आमी पोरीच खांदा द्यायलाव. गावातले न्हाई म्हनायलेत, पण आमी ऐकंनाव."

येतेय गं पोरींनो. माझाही खांदा धरा.

शिवलीला, कॅप्टन, तुला शेवटचा नमस्कार.