बिनफुंकरीची काच

माकिशींच्या घरात पोरं चालायच्या आधी फुंकायला शिकतात, असं ओन्ना गावात चेष्टेनं म्हणत. काझुए त्याच घरातली, एकुलती एक. तिचे वडील सेइतोकू अमेरिकी तळावर टाकून दिलेल्या बाटल्या वितळवून काचेत बुडबुडे अडकलेले पेले फुंकत. भट्टी पुढं लेकच सांभाळणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिनं टेकडीवरच्या विज्ञान संस्थेत नोकरी धरली आणि तीन वर्षांत भट्टी थंड झाली.

तिचं कामही काचेचंच. एर्बियम नावाचा धातू मिसळलेल्या काचेचा केसाएवढा तंतू घ्यायचा आणि त्याचं टोक तापवणाऱ्या किरणानं वितळवायचं; टोकाची आपसूक गोळी होते. त्या गोळीत सोडलेला प्रकाश आतल्या कडेनं फिरत राहतो, एर्बियमला चेतवतो आणि एकाच रंगाचा लेसर निघतो. तो रंग जागचा हलू द्यायचा नाही, यातच सगळ्यांचा जीव अडकलेला.

पहिल्या वर्षी तो रोज हलायचा. संशोधकांनी एसी बदलला, टेबल बदललं. शेवटी खोट काझुएतच सापडली. समोर काच आली की ती ओठ गोल करून लांब श्वास सोडायची, आणि तेवढ्या उबेनंही गोळी बिथरायची. मग गोळीवर झाकण आलं आणि काझुए काचेपुढं श्वास धरायला शिकली. घरी तिनं हे हसत हसत सांगितलं.

"फुंकर सोसत नाही, ती कसली काच?" एवढंच बोलून सेइतोकू पाठ फिरवून बसले.

ते तिच्या जिव्हारी लागलं. माझ्या गोळीला ओतोंनी, म्हणजे बाबांनी, एकदा काच म्हणावं, एवढ्यासाठी ती झुरत राहिली. दर वर्षी बोलवायची, दर वर्षी त्यांचे गुडघे दुखायचे.

अकराव्या वर्षी ते आले. छातीचा भाता झालेला, हातात तळलेल्या गोड गोळ्यांची पिशवी.

"तुझी यापेक्षा मोठी आहे का गं?"

"ओतो, ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. या भिंगातून बघा."

त्यांना नीट दिसावं म्हणून तिनं झाकण काढलं. गोळीभोवती हिरवं कडं चमकत होतं. "हिरवी ती नुसती एर्बियमची चमक; खरा लेसर डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावरची ती रेषा म्हणजे तो. आता जरा श्वास धरा."

म्हाताऱ्यानं धरला. रेषा ताठ उभी राहिली. ते बराच वेळ भिंगातून बघत होते.

"बुडबुडा नाही एकही," ते पुटपुटले. मग त्यांनी ओठ गोल केले आणि हळूच, मुद्दाम, फुंकर घातली. रेषा सरकली आणि सावकाश जागेवर आली.

काझुए रागावणारच होती.

"हलली, पण सोसली की," सेइतोकू म्हणाले. "काचच आहे."

त्याच वर्षी थंडीत ते गेले. त्यांचे पेले केव्हाच प्रवाशांबरोबर देशोदेशी गेले होते, घरात एकही उरला नव्हता. संस्थेच्या फाइलीत ताठ रेषांचे छापील कागद लागतात. ते आले त्या दुपारचा, सरकलेल्या रेषेचा बिघडलेला कागद मात्र काझुएच्या खणात आहे. ओतोंची फार आठवण आली की ती तो काढते आणि रेषा जिथं सरकली तिथं बोट ठेवून बसते.