आईच्या गाठीचा ठराव

मंगळवारी आईचा रिपोर्ट आला. बीडच्या दवाखान्यात तो मी वाचला. घरी येऊन आईला खोटं सांगितलं.

हे खोटं माझं एकट्याचं नव्हतं. ते रीतसर मंजूर झालेलं होतं. त्या वर्षी दुष्काळामुळे गुरं चारा छावणीत होती आणि गुरांमागे घरातले पुरुषही. म्हणून रिपोर्ट घेऊन मी आधी तिकडे गेलो. चुलते दूध सोसायटीचे चेअरमन. उसाच्या वाढ्यांच्या ढिगामागे त्यांनी बैठक घेतली आणि आईला काही सांगायचं नाही, असा ठराव मांडला. वडिलांनी मान डोलावून अनुमोदन दिलं.

"डॉक्टर दोन-तीन महिने म्हणालेत," मी म्हणालो. "तिला कळायला हवं."

"लई शिकलास म्हनून समदंच वाचून दाखवायचं न्हाई. साधी गाठ हाय म्हन. मंजूर?" चुलत्यांनी विचारलं.

मंजूर. सोसायटीत होतं तसंच, एकमताने. जिच्या पोटात गाठ होती ती सभासद नव्हती.

मी शब्दकोश काढला. पुस्तकी माणसाला अशा वेळीही तेच सुचतं. रिपोर्टातल्या 'मॅलिग्नंट'पुढे दुष्ट, द्वेषी, वाईट चिंतणारा असे अर्थ दिले होते. डॉक्टरांच्या बोलण्यात यातलं काहीच नव्हतं. ही गाठ एका जागी थांबत नाही, रक्तातून दुसरीकडे जाते आणि तिथे वाढते, एवढंच ते म्हणाले होते. तिचं कोणाशी वैर नाही. दुष्टपणा शोधायचं काम मग घरच्यांनी अंगावर घेतलं. करणी कोणाची, नजर कोणाची, याची यादी झाली. तीत विरोधी पॅनेलचे उमेदवार बहुमतात होते.

कारण सोसायटीची निवडणूक लागली होती. घरात ज्या शब्दाला बंदी, तो चुलत्यांच्या जीपवरच्या भोंग्यातून दिवसभर गावात फिरायचा. 'सहकाराला लागलेला हा कॅन्सर मुळासकट उपटून टाका!' ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, त्या उमेदवाराची प्रकृती उत्तम होती.

आई ओसरीवर भिंतीला टेकून ऐकायची.

"त्याला बरं माईक लावून सांगत्यात," ती एकदा म्हणाली. "मला कावून कुनी काय सांगंना?"

मी हसलो. दुसरं काही मंजूर नव्हतं.

"ताईकडं जाऊन यावं म्हनते." ताई म्हणजे वडवणीची मावशी. एका लग्नातल्या मानपानावरून दोघी बहिणी सहा वर्षं बोलत नव्हत्या. "आताच जाऊ, का पाऊस पडल्यावर? तू सांगशील तसं."

तिच्या दुखण्याची माझ्याइतकी नेमकी माहिती गावात कोणाला नव्हती.

"घाई काय आहे?" मी म्हणालो. "पावसानंतर जाऊ."

आई पावसाआधीच गेली. चुलते निवडून आले. तेराव्याला जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, की आमच्या घरात वहिनीला शेवटपर्यंत कोणी दुखावलं नाही. खरं आहे ते. शब्दकोशातल्या अर्थाने आमच्यात दुष्ट कोणीच नव्हतं.

मावशी अजून वडवणीतच राहते. मी गेलो की ती विचारते, "शेवटाला माझी आठवन काढली का रं तिनं?"

मी हो म्हणतो. तिचा विश्वास बसत नाही.