दुभाजकातली पायवाट

विल्मा गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात ड्रोनने टिपलेला घाटकोपरचा एक चौक बघत बसले होते. फोन ठेवला आणि काम करत राहिले... रडू नंतर आलं. आता महिना होत आला, म्हणून लिहायला बसले आहे.

वरून काढलेल्या फोटोंवरून रस्ते तपासायचे, फूटपाथ कुठे तुटलाय, वळण कुठे आंधळं आहे, पायी चालणाऱ्याला धोका कुठे आहे ते शोधायचं, हे आमचं काम. अंधेरीच्या गावठाणातली विल्मा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. त्या फोटोंत माणसं मुंगीएवढी दिसतात, पण ही बया त्यांच्याबद्दल ती शेजारीपाजारी असल्यासारखी बोलायची.

मुलुंडच्या एका मोठ्या रस्त्याच्या दुभाजकात हिरवळीवर एक मातकट रेघ दिसत होती. केबलची खोदाई असणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. विल्मा म्हणाली, "खोदाई कधी झाडाला वळसा घालते का गं? लोक चालतात इथून." संध्याकाळी मला ओढतच तिथे घेऊन गेली. एका बाजूला बसस्टॉप, समोर हॉस्पिटल आणि मधून पेशंटचे डबे घेऊन धावणारी माणसं. झेब्रा क्रॉसिंग पार पुढच्या चौकात. एक आजोबा गाड्यांना हात दाखवत रस्त्यात उतरले. ते पलीकडे पोचेपर्यंत विल्माने माझा दंड सोडला नाही.

साहेबांनी दुभाजकाला रेलिंग लावायचं सुचवलं, तशी ती भडकलीच. "सर, लोक रेलिंगवरून उड्या मारतील. डबा तर पोचवायचाच आहे ना? तिथे सिग्नल द्या." मग ती त्या सिग्नलच्या हात धुऊन मागे लागली. मीटिंगमध्ये लोक तिला टाळू लागले. केमो सुरू झाल्यावरही तिचे फोन यायचे. तब्येतीचं विचारलं की उडवून लावायची. "ते राहू दे यार. रेलिंग नाही ना लावलं?" नाही गं, मी म्हणायचे. ती गेली तोवर रेलिंगही नव्हतं आणि सिग्नलही नव्हता. याचा मला अजून राग येतो.

गेल्या आठवड्यात तिथे सिग्नल सुरू झाला, म्हणून बघायला गेले. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, गाड्या थांबल्या आणि डबे घेतलेली माणसं सावकाश, गप्पा मारत निघाली. कुणालाच त्याचं विशेष वाटत नव्हतं. मी मात्र कडेला तशीच उभी... पाऊल उचलेना. मागून एक बाई म्हणाल्या, "चला ना ताई, आपलाच आहे सिग्नल."