निझव्याचं मडकं आणि अरोहाच्या नातीची वार

पुण्याला परतून बरीच वर्षं झाली, तरी खजुराचं खोकं उघडलं की मला मस्कतमधलं दार्सैत आठवतं. देवळातून घरी चालत येतानाचा उकाडा, जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा वास. मी तिथे नर्स होते. अरोहा ही माझी वॉर्डातली मैत्रीण, न्यूझीलंडची माओरी. तिची लेक हाना मस्कतमध्येच बाळंत होणार होती. 'ये,' एवढंच ती फोनवर म्हणाली आणि मी तिकीट काढलं.

पहिल्या संध्याकाळी मत्रह बंदराच्या धक्क्यावर करक, म्हणजे आटवलेल्या दुधाचा कडक चहा घेत बसलो. चहा अजून तसाच, जिभेला चिकटणारा. तिथे अरोहाने खरी काळजी सांगितली. माओरी लोक बाळामागून नाळेसकट पडणारी वार फेकत नाहीत, पूर्वजांच्या जमिनीत पुरतात. त्यांच्या देशातले दवाखाने पूर्वी ती टाकून द्यायचे. लोक भांडले, म्हणून आता मागितली की मिळते. हानाच्या दवाखान्यात मात्र तसा नियम नव्हता. ओमानी मेट्रनबाई चांगल्या होत्या. गुपचूप देते म्हणाल्या.

"हानाला गुपचूप नकोय," अरोहा म्हणाली. "ती म्हणते, मी काय चोरी करतेय?"

दुसऱ्या दिवशी वारेसाठी मडकं आणायला निझव्याला गेलो. रस्ता उत्तम, टॅक्सीने दोनेक तास. शुक्रवारी गेलात तर बकऱ्यांचा बाजार बघायला लवकर पोचा. तिथल्या सूकमधले, म्हणजे जुन्या बाजारातले, मडकेवाले दाऊदभाई मूळचे दापोलीचे. मी मराठीत भाव विचारल्यावर खूश झाले.

"लोणचं घालनार काय ताई?"

मी खरं कारण सांगितलं. दाऊदभाई जराही दचकले नाहीत. "आमच्यात पण पुरतात ना. माझी दापोलीला, आंब्याच्या बुंध्याशी हाय."

त्यांनी दोन रियाल कमी केले. माझा ऊर भरून आला आणि त्या भरात मी घोळ घातला. रिकामं भांडं कुणाच्या हातात द्यायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. शेजारच्या दुकानातून खजूर घेतला, मडकं काठोकाठ भरलं आणि कौतुकाने अरोहापुढे धरलं.

ती पायरीवर बसली. मडक्याला हात लावला नाही.

"आता हे चालणार नाही गं," ती म्हणाली. "शरीराचं आणि खाण्याचं आम्ही एकत्र करत नाही. माझ्या आजीच्या वेळी दवाखान्यात जेवणाच्याच ट्रेवर बेडपॅन ठेवायचे. आजीने पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही. औषध होतं, डॉक्टर होते, ती घरीच गेली."

गेली म्हणजे वारली. एवढी वर्षं बरोबर ड्यूटी केली, पण हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"हे मेट्रनबाईंना सांगितलंस?" मी विचारलं.

तिने मान हलवली. सांगितलं नव्हतं.

दाऊदभाईंनी दुसरं मडकं काढून दिलं. खजुराचं माझ्या मांडीवर, कोरं तिच्या मांडीवर, असे आम्ही मस्कतला परतलो. दुसऱ्या दिवशी ती मेट्रनबाईंना भेटायला गेली आणि मी विमानतळावर.

पुण्यात दोन आठवड्यांनी फोन आला. मुलगी झाली. वार कोऱ्या मडक्यात आहे, घरच्या फ्रीजरमध्ये. आजीची गोष्ट ऐकून मेट्रनबाईंनी वरिष्ठांशी भांडून नियमच करून घेतला: जी आई मागेल, तिला द्यायची. मायदेशी न्यायच्या परवानग्या अजून बाकी आहेत. "इन्शाल्ला," अरोहा म्हणाली, अगदी आमच्या जुन्या वॉर्डातल्यासारखी.

माझा मुलगा मडक्यातला खजूर खात ऐकत होता. त्याचा जन्म मस्कतचाच, मराठी बोलताना अजून अडखळतो.

"आई, माझी कुठे आहे? ती वार?"

मला ठाऊक नव्हतं. विचारायचं असतं हेच तेव्हा मला, नर्स असून, सुचलं नव्हतं. "तिथेच राहिली," मी म्हटलं.

"मग मी थोडा तिथला आहे ना?"

"आहेस," मी म्हटलं, आणि मडकं त्याच्याकडे सरकवलं.