डिकीतलं गोणपाट

त्यानं डिकी उघडली, आतून गोणपाट काढलं आणि माझ्या पायाशी टाकलं.

"ह्या सीटवर टाक. मंग बस."

मी सीटवर पेपर आधीच अंथरला होता. आमच्या धंद्यात ती रीतच आहे. मिस्त्रीच्या कपड्यांना ग्रीस असतं, काळं ऑइल असतं. गाडीत बसायच्या आधी सीटवर जुना पेपर टाकायचा. उस्ताद टाकायचे, मी टाकायचो. त्यात कुणाचा अपमान नसतो. मी म्हटलं, "शेठ, पेपर टाकलाय."

"पेपर न्हाय चालाचा. तुला गोणपाटच."

गॅरेजात माणसं होती. चहावाला होता, एक रिक्षावाला आपला प्लग साफ करून घ्यायला थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना आपापल्या कामात एकदम फार रस आला. मी वाकलो, गोणपाट उचललं, सीटवर टाकलं आणि त्यावर बसलो. गाडी टेमघरच्या रस्त्यावर फिरवून आणली. इंजिनाचा आवाज ऐकायलाच गेलो होतो, तो काही ऐकू आला नाही.

उतरल्यावर त्यानं गोणपाट दोन बोटांनी धरून परत डिकीत टाकलं. म्हणजे ते पुढच्या वेळेसाठी होतं.

हा शेठ भिवंडीजवळच्या अंजूरकडचा. तेव्हा वळ आणि अंजूर या गावांत भाताची खाचरं बुजवून गोदामं उठत होती. त्याचीही जमीन गोदामाला गेली आणि दारात पांढरीशुभ्र मोठी गाडी आली. त्याचा मला राग नाही. जमीन त्याची, गाडी त्याची. तसं गिऱ्हाईक म्हणूनही तो किरकिराच होता. गाडी लावली की डोक्यावर उभा. "नवा पार्ट टाकलास का जुनाच पुसून लावलास?" हे तर ठरलेलं. ते चालायचं. गिऱ्हाइकाची किरकिर मिस्त्रीच्या अंगवळणी पडते. गोणपाट पडत नाही.

कारण आधी तो असा नव्हता. हेच मला सांगायचंय. सुरुवातीला त्याच गाडीत मी पेपरावर बसत होतो. एकदा बॅटरी उतरली म्हणून त्याच्या घरी गेलो, तर ओटीवर बसवून कपबशीत चहा दिला. "मिस्त्री, हात चांगला हाय तुजा," असंही म्हणाला. मग जयंतीच्या मिरवणुकीत त्याची गाडी अडकली. मी डोक्याला निळा फेटा बांधून नाचत होतो. त्यानं काच खाली केली, माझ्याकडं बघितलं, हसला.

"अरं, तू हिकरं?"

मीही हसलो. हात वर केला. खुळा मी, मला वाटलं ओळख दिली. पुढच्या खेपेला डिकीतून गोणपाट निघालं.

हात तेच, ग्रीस तेच, पँट तीच. फक्त त्याला कळलं होतं मी कोण ते.

त्या दिवशी दुपारी जेवताना उस्ताद समजावत होते. उस्ताद यूपीचे. लूमवर कामाला म्हणून भिवंडीत आले, ते इंजिनात रमले. मला पान्हा धरायला त्यांनी शिकवलं. गॅरेजच्या मागची खोली त्यांची, तिच्यात मी, बायको आणि पोरगी राहत होतो. माझं अन्न, छप्पर, इलम, सगळं त्यांच्या हातचं.

"बेटा, बोरे पे बैठने से कोई छोटा नहीं हो जाता."

मी विचारलं, "आप बैठेंगे, उस्ताद?"

त्यांनी रोटीचा तुकडा तोडला आणि कांदा माझ्याकडं सरकवला.

गोणपाट मला नवीन नव्हतं, म्हणून जास्त लागलं. माझं गाव शहापूरच्या आतल्या अंगाला. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. बाप दुसऱ्यांच्या शेतात राबायचा. मालकाचं बोलावणं आलं की काखेत गोणपाट मारून निघायचा. अंगणाच्या कडेला ते अंथरायचा आणि त्यावर बसायचा. बस असं कुणी सांगितलं नव्हतं, घेऊन ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. लहानपणी मी विचारलं, "बाबा, हे कशाला?"

"आपलं आपून न्यावं," बाप म्हणाला. "कुनी बोलायची येळ येऊ देऊ न्हाय."

मला तेव्हा बाप फार शहाणा वाटला होता. भिवंडीला आलो, मिस्त्री झालो, तेव्हा वाटलं ते गोणपाट ओढ्यापलीकडंच राहिलं. ते गाडीच्या डिकीत बसून माझ्या मागं आलं होतं.

बरेच महिने मी त्यावर बसलो. खोली होती, पोरगी बालवाडीत होती. दर वेळी ठरवायचो, आता नाही. आणि डिकी उघडल्याचा आवाज आला की हात आपोआप पुढं व्हायचा. स्वतःची शिसारी येते ती अशी.

मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि गाडीचा ब्रेक बिघडला.

बिघाड चमत्कारिक होता. गाडी थंड असली की ब्रेक उत्तम. थोडी पळाली, तापली, की ब्रेक दाबल्यावर डावीकडं ओढायची. डाव्या चाकाला हात लावला तर चटका बसायचा. दुसऱ्या दोन गॅरेजांनी ब्रेकचे गुटके बदलले, चाक खोलून साफ केलं. काही उपयोग नाही. लग्न दुसऱ्या दिवशी. मुलगी याच गाडीतून हॉलवर जाणार आणि याच गाडीतून सासरी. सकाळीच तो गाडी घेऊन हजर झाला. बोनेटवर हळदीकुंकू, आरशाला झेंडूचा हार, सीटला नवीन कोरी कव्हरं.

मी गाडी जॅकवर घेतली, खाली लोखंडी घोडी लावली, चाक काढून बाजूला आडवं ठेवलं. बराच वेळ काही सापडेना. तो डोक्यावर उभा.

"तुला जमतंय का सांग. टाइम खोटी करू नको."

शेवटी चाकाकडं जाणारा रबरी पाइप काढला. वरून अगदी चांगला. तोंड लावून फुंकला, तर हवा जेमतेम जात होती. रबर आतून फुगलं होतं. दाबलेलं ऑइल जोरात चाकापर्यंत जायचं, पण परत यायला वाट नव्हती. म्हणून चाक धरूनच राहायचं. उस्तादांनी पाइप हातात घेतला, उजेडात धरला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी गोणपाट विसरलो होतो.

नवा पाइप लावला. आता लाइनमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून ब्रेक मारायचा, दुसऱ्यानं खाली चाकाशी बसून हवा सोडायची. मी पेपर घेतला आणि दार उघडायला हात लावला.

"ए! आत न्हाय बसाचा."

मी डिकीकडं बघितलं. नाही म्हणायची सवयच नव्हती ना.

"आज गोणपाट पन न्हाय. पूजा झालेली हाय गाडीची. आमची पोरगी बसाची हाय हिच्यात."

उस्ताद म्हणाले, "रहने दे, मैं बैठता हूँ." त्यांचे गुडघे गेलेले. दाराला धरून कसेबसे वर चढले. मी खाली बसलो. ते ब्रेक दाबायचे, म्हणायचे, "दबाया." मी स्क्रू सैल करायचो, बुडबुडे निघायचे, मी घट्ट करायचो. परत, "दबाया." ऑइल माझ्या मनगटावरून कोपराकडं ओघळत होतं.

तिथं, चाकाच्या पोकळीत डोकं घालून बसलेलं असताना मला ते सगळं लख्ख दिसलं. उद्या याची मुलगी सुखरूप थांबणार ती या ऑइलवर. ते माझ्या हातावरून गेलेलं आहे. माझे हात चालतात. माझं डोकं चालतं. माझं ढुंगण चालत नाही.

हवा निघाली. ब्रेक दगडासारखा कडक झाला. उस्ताद खाली उतरले.

"चाक लाव, चल," शेठ म्हणाला.

उस्तादांच्या गॅरेजात एक नियम होता. ब्रेक ज्यानं खोलला, पहिली ट्रायल त्यानंच घ्यायची. आपल्या हाताखालून गेलेल्या गाडीत आधी आपला जीव घालायचा, मग गिऱ्हाइकाचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे शिकवलं होतं. त्या नियमाशिवाय मी एकही गाडी सोडली नव्हती.

मी आडव्या ठेवलेल्या चाकावर बसलो.

"शेठ, ब्रेक मी खोललाय. पहिली ट्रायल माझी. सीटवर बसून. पेपर टाकतो, ग्रीस लागू नये म्हणून. गोणपाट नाय."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुजी अक्कल ठिकानावर हाय का? पूजेच्या गाडीत बसतंस?"

"ग्रीसचाच प्रश्न असता तर पेपरावर भागलं असतं. जयंतीच्या आधी भागत होतं."

"जयंतीला नाचतंस तं नाच. आमच्या गाडीत न्हाय."

बोलला. तोंडानं बोलला एकदाचा. इतके महिने जे डिकीत होतं ते बाहेर पडलं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. राग आला.

"मग चाक मी लावणार नाय."

तो उस्तादांकडं वळला. "उस्ताद, समजाव याला. न्हायतर अंजूरची येक गारी तुज्याकरं येनार न्हाय. माजा शब्द हाय."

उस्ताद माझ्याजवळ आले. हळू बोलले. "लगा दे, बेटा. शादी का मामला है."

"रूल आपका है, उस्ताद."

"है."

"फिर?"

ते वाकले आणि चाकाला हात घातला. मी उठलो. म्हाताऱ्या माणसाला चाक उचलून बसवताना बघत उभा राहिलो. एकेक नट त्यांनी स्वतः आवळला. आवळताना मान वर केली नाही. मी त्यांचा तिरस्कार करत नाही. त्यांना गॅरेज चालवायचं होतं. पण ती मान मी विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

डिकीला कुलूप नव्हतं. मी गोणपाट काढलं, जमिनीवर सांडलेल्या ब्रेक ऑइलवर टाकलं आणि पायानं चांगलं दाबलं. ऑइल टिपायला गॅरेजात गोणपाटच लागतं.

"माजा हाय त्या," शेठ ओरडला.

"घेऊन जा."

त्यानं नेलं नाही. गाडी चालवत निघून गेला. लग्न नीट पार पडलं असं ऐकलं. ब्रेक लागलेच असतील, काम माझ्या हातचं होतं.

संध्याकाळी खोली सोडली. जा असं उस्ताद म्हणाले नाहीत, राहा असंही म्हणाले नाहीत. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटा-वरवंटा कोन उचलनार?" मग तिनंच उचलला.

शेठनं सगळीकडं सांगून ठेवलं असणार. त्या रस्त्याच्या कुठल्याही गॅरेजात मला उभं केलं नाही. "माजोरडा आहे," असं माझ्याबद्दल ठरलं. मी वळच्या गोदामांत माल आणणाऱ्या ट्रकांखाली झोपून कामं केली. अंगाखाली खडी, डोळ्यांत माती. पण ट्रकवाला कधी आडनाव विचारत नाही. त्याला गाडी चालू हवी असते. पुढं तिथंच रस्त्याकडेला पत्रा टाकून बसलो. चार पान्हे, एक जॅक, गिऱ्हाइकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची.

पत्रा टाकल्यावर बाप गावाहून बघायला आला. रिक्षातून उतरला तेव्हा काखेत गोणपाट होतं.

मी ते ओढून घेतलं. खुर्ची पुढं केली. "बस, बाबा."

"गिऱ्हाईक येईल ना."

"येऊ दे. तू बस."

बाप बसला नाही. जुन्या टायरांना टेकून उभा राहिला. तेवढ्यात एक गाडी आली. चांगली गाडी, चांगले कपडे. ब्रेकचंच काम. मी पेपर काढला, तर त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मग पत्र्यावर मी लावलेल्या निळ्या झेंड्याकडं बघितलं.

"पेपर राहू द्या, मिस्त्री. माझ्याकडं डिकीत गोणपाट आहे."

मी पेपर घडी न मोडता हातात धरला. "पेपर सगळ्यांना असतो. गोणपाट या गॅरेजात नाही. चालत असेल तर चावी द्या. नसेल तर गाडी वळवा."

त्यानं गाडी वळवली.

बाप घाबरून म्हणाला, "गेला की रं. येवढं काय, बसला असतास घटकाभर."

मी बापाकडं बघितलं. सगळं आयुष्य घटकाभर घटकाभर करत तो जमिनीवर बसला होता, आणि आज लेकाच्या पत्र्याखाली त्याला खुर्चीत बसता येत नव्हतं. हे त्याचं कुणी केलं ते मला माहीत आहे. मी त्यांना माफ केलेलं नाही.

त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. बाप संध्याकाळपर्यंत उभाच होता. त्याचं गोणपाट मी कापून ऑइल पुसायला घेतलं, त्याच्या डोळ्यांदेखत.

ब्रेक मी खोलला, तर सीटवर मीच बसणार. हे मी आता कुणाला विचारत नाही.