वाळूवरून ओढत नेलेली बराक

बराक फिरून आडवी झाली, तिचा एक कोपरा वाळूत रुतला, आणि हिरा तांडेल समुद्राकडे बघत म्हणाला, "सायेब, पानी फिरला."

पाणी फिरलं, म्हणजे ओहोटी संपून भरती लागली. एरवी ही रोजचीच गोष्ट. पण सरकारी बराक पुळणीवर मधोमध अडकलेली असताना ती ऐकली की माणूस आधी घड्याळ बघतो. बराक माझ्या खात्याची होती. ती ओढत न्यायची परवानगी मीच साहेबांच्या नाकदुऱ्या काढून मिळवली होती.

मी तेव्हा अलिबागला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. जिल्ह्याला अजून कुलाबा म्हणत. लढाईच्या काळात काशीदच्या अलीकडे, एका नारळीच्या वाडीत, लष्कराने किनाऱ्यावर नजर ठेवायला बराकी उभ्या केल्या होत्या. लढाई संपली, इंग्रज गेले, बराकी राहिल्या. पुढे त्या गावच्या होमगार्डांना मिळाल्या. होमगार्ड म्हणजे राखीव दल. माणसं आपापला धंदा सांभाळून परेड करतात आणि संकट आलं की वर्दी चढवून हजर होतात. इथले बहुतेक सगळे कोळी. त्यांचे कंपनी कमांडर म्हणजे गावच्या शाळेतले चोगले मास्तर. शिट्टी त्यांच्या गळ्यात वर्गातही असायची.

मग वरून काटकसरीचा हुकूम आला. बराकी बंद करा, वाडी मालकाला मोकळी करून द्या. कंपनीची सोय गावात फुकटात होत असेल तर ठीक, नाहीतर तिला अलिबागच्या कंपनीत विलीन करा. मुदत मार्चअखेर.

"विलीन कसली, बुडाली म्हणा," मास्तर मला म्हणाले. "धंदा सोडून अलिबागला परेडला कोण जाणार? आणि गेल्या वर्षी वादळात मचवा फुटला, तेव्हा अलिबागहून कोण आलं असतं?"

त्या मचव्यात हिरा तांडेलचा धाकटा भाऊ होता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. हिराच्या शब्दावर अख्खा कोळीवाडा हलायचा. होमगार्डांनी दोर टाकून, कमरेइतक्या लाटेत साखळी करून त्या भावाला बाहेर काढलं होतं. त्यामुळे कंपनीचं काय होणार, हा हिराच्या घरचा प्रश्न झाला होता.

मी गावभर हिंडलो. शाळा एकच खोली. देवळाच्या पंचांनी हात जोडले. मच्छीमार सोसायटी जागा द्यायला तयार होती, पण ती कोळीवाड्याशेजारची उघडी जागा. तिथे छप्पर घालायला सरकार दमडी देणार नव्हतं.

हिराने ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "हिकरं जागा हाय, छप्पर न्हाय. तिकरं छप्पर हाय, जागा न्हाय. मंग छप्परच हिकरं वढून आनू. आमी होरी वढतो तशी."

होरी म्हणजे होडी. मला आधी हसू आलं. मग वाडीत जाऊन बराकी पुन्हा बघितल्या आणि हसू गेलं.

साहेब मात्र हसले नाहीत. "इमारत ओढणार? ती काय होडी आहे?"

"साहेब, तिला पाया नाही. लाकडी सांगाडा, खाली दोन लांब तुळया, आणि त्या तुळया दगडांवर नुसत्या ठेवलेल्या. आपल्याच खात्याच्या लेखी ती टेम्पररी स्ट्रक्चर आहे."

"मोडली तर?"

"मोडली तर लाकूड म्हणून लिलाव. तो तसाही होणारच आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "आणि कुणाचा पाय मोडला तर?"

"मी स्वतः उभा राहतो."

"उभे राहाच. पैसे मागू नका."

सगळ्यांत लहान बराक निवडली. छपराचे पत्रे उतरवून वजन कमी केलं. आत ब्रेसिंग ठोकलं, म्हणजे चौकट कलंडू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात तिरपी लाकडं. कोळीवाड्यापर्यंतची वाट वाळूवरूनच होती, म्हणून दिवस हिराने ठरवला, अमावास्येचा. अमावास्येला पाणी खूप आत जातं आणि ओली, कडक वाळू मोकळी होते. पण त्याच उधाणाला जाळीही भरतात. तो दिवस कोळ्यांनी आम्हाला फुकट दिला, हे मी अजून विसरलेलो नाही.

उजाडताच फळ्या अंथरल्या, त्यांवर माशाचं तेल ओतलं, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना दोर बांधले. हिराने सूर लावला, बाया-माणसांनी एकदम ओढ घेतली आणि बराक चालू लागली. मी टोपी काढून घाम पुसला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

नव्हतंच ते सोपं. होडीच्या तळाला मधोमध कण्यासारखं लाकूड असतं. ते तिला सरळ धरून ठेवतं, त्यामुळे सगळ्यांनी गाण्याच्या ठेक्यावर ताकद लावली की झालं. बराकीला कुठला कणा? आमच्या डाव्या दोरावर दणकट माणसं जास्त पडली, बराक फिरली, फळ्यांवरून घसरली आणि कोपरा वाळूत गेला. पिढ्यान्‌पिढ्या होड्या ओढणाऱ्यांना हे सुचलं नाही आणि इंजिनिअरिंगची परीक्षा दिलेल्या मलाही सुचलं नाही.

हिरा चिडला. "जोर लावा रे!" जोर लावला, कोपरा आणखी खोल गेला. मी पहारी घातल्या, एक वाकली. पाण्याची पहिली जीभ मागच्या तुळईला चाटून गेली. खारं पाणी तुळयांखालची वाळू काढून घेणार आणि सांगाडा पिचणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटली. नोकरीची वाटली, आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघवेना म्हणूनही वाटली.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

"कंपनी, फॉल इन!"

बाया हसायला लागल्या. "बुरायला आलं नि मास्तर परेड करतंय!"

पण होमगार्डांनी दोर टाकले आणि रांगेत उभे राहिले. सवयच ती. मास्तरांनी दोन फाईली, म्हणजे रांगा, केल्या, डाव्या दोराला एक, उजव्याला एक. बाकीच्यांना बाजूला काढलं. आता गाणं नाही, फक्त हुकूम. "उजवी फाईल, खेच! डावी, थांब! उजवी, थांब! डावी, खेच!"

थांब म्हटलं की थांबायचं, ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. होडी ओढणारा माणूस गाणं सुरू असेपर्यंत थांबत नाही. परेड केलेला थांबतो. बराक हळूहळू तोंड वळवू लागली, कोपरा सुटला, मी फळी आत सरकवली.

हिरा बाजूला उभा होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातात दोर नव्हता. तो पुढे झाला. "मास्तर, मी कनचे फायलीत?"

"डाव्या. शेवटी. आणि मी सांगेन तेव्हाच."

"व्हय," हिरा म्हणाला, आणि खरंच थांबला.

आम्ही बराक कोळीवाड्यापाशी वर चढवली, तेव्हा पाणी शेवटच्या माणसांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. मी तिथेच वाळूत फतकल मारून बसलो. इतकं हलकं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं. कुणीतरी काळा चहा दिला. त्याला माशाच्या तेलाचा वास होता. मी दोन कप प्यायलो.

उरलेल्या बराकींचा लिलाव झाला, वाडी मुदतीत मोकळी झाली, कंपनी गावातच राहिली. पुढे साहेब पाहणीला आले. वळवावळवीत बराक उलटी बसली होती आणि ती पुन्हा फिरवायची कुणाची छाती नव्हती.

"दार समुद्राकडे का?" साहेबांनी विचारलं.

"हाक तिकडूनच येते, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेबांनी शेरा लिहिला, काम समाधानकारक.

मी त्यातून एवढंच शिकलो. होडी ओढायची असेल तर कोळ्यांना बोलवावं आणि बराक ओढायची असेल तर होमगार्डांना. आमच्या नशिबाने ते दोघंही एकच होते.