दुसऱ्यांदा धुतलेले हात

भूल देणाऱ्या डॉक्टरला स्वतःचं असं हॉस्पिटल नसतं. सर्जनचा फोन आला की बॅग उचलायची, स्कूटर काढायची आणि निघायचं. त्या वर्षांत शहराच्या कडेच्या पुंडलिकनगरात आणि त्याच्याही पुढच्या नव्या वसाहतींत जिकडं तिकडं नर्सिंग होम उघडत होती; खाली औषधाचं दुकान, वर डॉक्टरांचं घर. पाऊस सलग दडी मारून बसलेला, नळाला आठवड्यात एकदा पाणी. शहर टँकरच्या भरवशावर वाढत होतं आणि मी फोनच्या भरवशावर जगत होते.

मला पहिला फोन केला तो सरांनी. साठी उलटलेले सर्जन, जालना रोडवरच्या खेड्यापाड्यांतून माणसं त्यांचं नाव विचारत यायची. मी शिकून नुकतीच आले होते, मला कुणी ओळखत नव्हतं. "ये तू. घाबरू नकोस, मी आहे," असं म्हणणारा हा एकच माणूस. त्यांनी बोलावलं म्हणून मग बाकीच्यांनी बोलावलं.

त्या उन्हाळ्यात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बेसिनचा नळ कोरडाच असायचा. सर कोपरापर्यंत हात चोळायचे आणि तिथं कामाला असलेल्या मावशी उकळून गार केलेलं पाणी मगानं त्यांच्या हातांवर घालायच्या. एकदा हात धुऊन सर आत आले, टेबलापाशी थांबले, इकडंतिकडं पाहिलं आणि परत बाहेर गेले. "घाला पाणी." मावशींनी मुकाट्यानं घातलं आणि मला कौतुकानं म्हणाल्या, "लोकायला प्यायला पानी नाय, पन सर बघा, दोन दोन बार हात धुतेत. उगंच नाय त्यांच्या हाताला यश."

मलाही कौतुकच वाटलं. पुढं एक दिवस ते तिसऱ्यांदा धुवायला गेले आणि मी सहज त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ते आपल्या ओल्या हातांकडं बघत काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते. ही स्वच्छतेची सवय नव्हती. हात धुतल्याचं त्यांना आठवतच नव्हतं.

नंतर करमाडकडचे एक बाबा हर्नियासाठी आले. मी कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळं खालचं अंग बधिर आणि बाबा टक्क जागे. कोणती बाजू, हे मी प्रत्येक पेशंटला विचारते. "उजवी, बाई. खोकललं की फुगती," ते म्हणाले होते. सरांनी डाव्या बाजूला औषध लावलं. हिरवी चादर पसरली. चाकू हातात घेतला. आता त्यांच्या लक्षात येईल, आता येईल, असं म्हणत मी थांबले. समोरची सिस्टर खाली मान घालून उभी.

"सर, उजवी." माझा आवाज चिरकला.

सरांचा चाकू थांबला. छातीवरच्या पडद्याअलीकडून बाबांनी विचारलं, "काय झालं, बाई?"

"काही नाही, बाबा. पडून राहा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते, आणि ते घाबरलेले होते. मग ते हसले. "बघत होतो, तुझं लक्ष आहे का." सगळे हसले. बाबासुद्धा हसले, "लई गमती हायेत डॉक्टर." मग सरांनी उजव्या बाजूला औषध लावलं.

बाहेर आले तर मावशी वाटच बघत होत्या. त्यांच्या लेकीच्या पित्ताशयात खडे झाले होते. "सोमवारी सर करनार हायेत, फुकट. भूल तुमीच द्या, बाई." मी हो म्हणाले आणि जिन्यातच बसले. पित्ताशयाला लागूनच यकृतातून येणारी पित्ताची मुख्य नळी असते. ती चुकून कापली गेली तर पोरीचा जन्म वाया.

सरांनाच सांगावं म्हणून त्यांच्या केबिनमध्ये गेले. तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "घाबरू नकोस, मी आहे," आणि चहा मागवला. तो पिऊन मी तशीच परत आले. मग शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष होते त्यांच्याकडं गेले. तेही सर्जन, सरांचे जुने सोबती. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "तुम्ही काहीही पाहिलेलं नाही. इथंच काम करायचंय ना? भीड नावाची काही चीज असते की नाही?"

सहकाऱ्याकडून पेशंटला धोका दिसला तर तो भीती आणि भीड न बाळगता उघड करावा, असं आम्हाला शिकवलं होतं. शिकवणाऱ्याचं काय जातं? मला तर दोन्ही वाटत होत्या, आणि भरपूर. मी तक्रार केली, आमच्या मेडिकल कौन्सिलकडं आणि संघटनेकडं, खाली माझी सही करून. सरांच्या पेशंटला मी भूल देणार नाही आणि माझ्या जागी जो येईल त्याला कारण सांगेन, हेही कळवलं.

त्यानंतर फोन वाजायचा जवळजवळ थांबला. मी तो उशाशी घेऊन बसे. वाजला तरी धडकी भरे, नाही वाजला तरी. सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं. मावशी दारात येऊन म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या मधी कामून आल्या तुमी? तुमचं काय वाईट केलं मी?" पुढं त्या मुलीचं दुसरीकडं नीट पार पडलं, पण मावशींनी माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

संघटनेनं बैठक बोलावली. सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी खाली बघत पाहिलेलं सगळं सांगितलं. सर म्हणाले, "खरं बोलतेय ती." आणि अध्यक्षांकडं वळले. "ही काल आलेली पोर. तू तर जन्मभर टेबलापलीकडं माझ्यासमोर उभा आहेस. तुला दिसलं नव्हतं?" अध्यक्षांनी समोरचा माझा तक्रारअर्ज पालथा ठेवला. "आजपासून चाकू बंद," सर म्हणाले आणि उठले.

मी व्हरांड्यात आले. सर माझ्याच दिशेनं येत होते. मी भिंतीला चिकटले. आता शिव्या घालतील, रडतील, काय करतील कळेना, आणि मला तिथून पळूनही जाता येईना. ते माझ्यासमोरून पुढं गेले, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी थांबले आणि नळ फिरवला. नळ कोरडा. ते तसेच हात पुढं करून उभे राहिले.

मी बॅगेतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्या हातांवर धरली. त्यांनी बाह्या सारून कोपरापर्यंत हात चोळले, बोटांच्या बेचक्यासुद्धा, अगदी पद्धतशीर. हात झटकले. थोडा वेळ ओल्या हातांकडं पाहिलं आणि पुन्हा पुढं केले.

"घाल पाणी."

बाटलीत घोटभरच उरलं होतं. ते मी घातलं.